डुकरिणीचं कृत्रिम रेतन: शुक्राणू बीजवाहिनीत जिवंत कसे राहतात आणि त्यानुसार वेळ, मात्रा, हात कसा ठेवायचा

बाटली रिकामी झाली की रेतन झालं, असं समजून पुढच्या मादीकडे वळायची सवय बऱ्याच फार्मवर असते. खरं तर त्या घडीला फलन व्हायला अंडंच हजर नसतं. मादी माजावर असली तरी अंडी अंडाशयातून सुटायला अजून दहा, पंधरा, कधी वीस तास असतात. तोवर शुक्राणूंना कुठेतरी जिवंत थांबावं लागतं आणि गर्भाशय ही ती जागा नव्हे. गर्भाशयात ते काही तासांत मारले जातात किंवा बाहेर वाहून जातात. थांबायची जागा एकच: गर्भाशयाचं शिंग जिथे बीजवाहिनीला मिळतं तो सांधा आणि त्याला लागूनचा बीजवाहिनीचा अरुंद भाग, ज्याला इस्थमस म्हणतात.

म्हणून रेतनाकडे ‘अंड्यापर्यंत रेत पोचवणं’ म्हणून न बघता ‘इस्थमसमधला साठा वेळेत भरणं’ म्हणून बघावं. मात्रा किती, कधी, कोणत्या तापमानाची, किती सावकाश, या सगळ्याची उत्तरं त्यातून निघतात.

वाटेत किती गळतात

नेहमीच्या पद्धतीत एका मात्रेत २ ते ३ अब्ज शुक्राणू ८० ते १०० मिली द्रवात असतात. त्यातले इस्थमसपर्यंत पोचतात ते काही हजार, फार तर लाखाच्या आसपास. आकडा ऐकून दचकायला होतं, पण नैसर्गिक मिलनातही असंच होतं. नर एका वेळी दीडशे ते तीनशे मिली रेत सोडतो, त्यात कित्येक अब्ज शुक्राणू असतात आणि तरी साठ्यात पोचणारे मूठभरच.

गळती तीन ठिकाणी होते. पहिली म्हणजे उलटा प्रवाह. पहिल्या काही तासांत द्रवाचा मोठा भाग, अनेकदा अर्ध्याहून जास्त, योनीवाटे परत येतो आणि त्याबरोबर साधारण पाव हिस्सा शुक्राणू जातात. दुसरी गळती पांढऱ्या पेशींची. रेत गर्भाशयात पडल्यावर अर्ध्या तासाच्या आसपास न्यूट्रोफिल पेशी आतल्या पोकळीत उतरू लागतात आणि पुढच्या काही तासांत हजारोंनी शुक्राणू गिळतात. हा आजार नव्हे. मेलेले शुक्राणू, जिवाणू, उरलेला द्रव हे सगळं साफ करून गर्भाशय काही दिवसांनी उतरणाऱ्या भ्रूणांसाठी तयार ठेवायची ही व्यवस्था आहे. नराच्या रेतद्रवातली काही प्रथिनं या प्रतिसादाला थोडा लगाम घालतात, पण पातळ केलेल्या मात्रेत रेतद्रव कमीच उरतो. तिसरी गळती सांध्यावर. तिथली वाट अरुंद, घड्या पडलेली आणि चिकट स्रावाने भरलेली असते. स्वतः नीट पोहणारा, डोक्यावरचं आवरण शाबूत असलेला शुक्राणूच तिथून पुढे सरकतो.

गर्भाशयाचं एकेक शिंग मीटरभर किंवा त्याहून लांब असतं. तेवढं अंतर शुक्राणू पोहून कापत नाहीत. गर्भाशयाच्या आकुंचनाच्या लाटा त्यांना पुढे नेतात. पहिल्या एक-दोन तासांत या लाटा जोरात असतील तर पुरेसा साठा भरतो. नंतर न्यूट्रोफिलांचा जोर वाढलेला असतो, त्यामुळे मागे राहिलेले बहुधा कायमचे मागे राहतात. रेतनाच्या वेळी नर समोर असणं, पाठ दाबणं, मादी शांत असणं याला इतकं महत्त्व आहे ते याच दोन तासांमुळे.

साठ्यात नेमकं काय होतं

इस्थमसच्या आतल्या अस्तराच्या पेशी खरवडून कोमट माध्यमात ठेवल्या तर त्यांचे छोटे गोळे बनतात. त्यात ताजे शुक्राणू सोडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की पंधरा-वीस मिनिटांत गोळ्याच्या कडेला शुक्राणू डोक्याने चिकटलेले दिसतात. शेपट्या मोकळ्या, संथ लयीत हलणाऱ्या, आणि पेशींवरचे बारीक केस त्यांच्या आजूबाजूला हलत असतात. शेजारी मोकळे पोहणारे शुक्राणू आधी थकतात आणि मरतात, चिकटलेले बराच वेळ टिकतात. मादीच्या पोटात हेच मोठ्या प्रमाणावर होतं.

चिकटण्याचा आधार म्हणजे पेशींच्या पृष्ठभागावरच्या साखळीदार शर्करा. इलिनॉय विद्यापीठातल्या डेव्हिड मिलर यांच्या प्रयोगशाळेने डुकरांमधल्या अशा दोन शर्करा ओळखल्या. एक सल्फेट असलेली लुइस-एक्स आणि दुसरी टोकाला सियालिक आम्ल असलेली दोन फांद्यांची शर्करा. पेशी बाजूला ठेवून नुसत्या या शर्करा मण्यांवर बसवल्या तरी शुक्राणू त्यांना चिकटतात आणि जास्त काळ जगतात. म्हणजे चिकटणं हाच शुक्राणूला मिळणारा एक संदेश आहे. चिकटल्यावर त्याच्या आतलं कॅल्शियम कमी राहतं आणि कॅल्शियम कमी असेपर्यंत त्याची अखेरची तयारी, म्हणजे कपॅसिटेशन, लांबणीवर पडते.

अंड्यात शिरण्यासाठी कपॅसिटेशन हवंच. पण ते झालं की शुक्राणूचं आयुष्य तासांवर येतं. त्यामुळे साठ्यात त्याला ते करू न देणं हीच खरी राखण. त्यासाठी आणखीही काही गोष्टी जुळून येतात. अंडी सुटण्याआधी तिथल्या द्रवात बायकार्बोनेट कमी असतं आणि बायकार्बोनेट हाच शुक्राणूला जागं करणारा मुख्य घटक आहे. तिथे हायलुरोनन या साखळीदार शर्करेने भरलेला घट्ट चिकट स्राव असतो. अस्तराच्या पेशी एचएसपीए८ नावाचं प्रथिन वापरतात, जे शुक्राणूच्या आवरणाला टिकाऊपणा देतं. तापमानही वेगळं असतं. १९८६ मध्ये हंटर आणि निकोल यांनी डुकरिणींमध्ये मोजलं तेव्हा अंडी सुटण्याआधी इस्थमसचा खालचा भाग अंडाशयाकडच्या रुंद भागापेक्षा सरासरी ०.७ अंश सेल्सियसने थंड आढळला. आकडा किरकोळ वाटतो, पण शुक्राणूच्या चयापचयाला तेवढा फरक कळतो.

अंडी सुटायची वेळ झाली की अंडाशयातून वाढणारं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक शेजारच्या रक्तवाहिन्यांतून बीजवाहिनीला लगेच मिळतं. त्याने शुक्राणूच्या शेपटीतले कॅल्शियमचे दरवाजे उघडतात, शेपटी चाबकासारखी जोरात फटके मारू लागते आणि शुक्राणू सुटतो. सगळे एकदम सुटत नाहीत, थोडे थोडे सुटतात. डुकरांमध्ये हे फार महत्त्वाचं, कारण त्यांच्या अंड्याला एकाहून जास्त शुक्राणू शिरू न देण्याची यंत्रणा सुस्त असते. प्रयोगशाळेतल्या फलनात हीच मोठी डोकेदुखी असते, एकेका अंड्यात दोन-तीन शुक्राणू घुसलेले सापडतात आणि ती अंडी वाया जातात. मादीच्या पोटात हे क्वचित होतं, कारण साठा दारवानाचं कामही करतो.

या सगळ्यातून कामाचे दोन निष्कर्ष. एक, जो शुक्राणू चिकटूच शकत नाही तो बाटलीत कितीही पळत असला तरी उपयोगाचा नाही. शेपटीच्या मुळाशी जीवद्रव्याचा थेंब अडकलेले अपरिपक्व शुक्राणू आणि आवरण बिघडलेले शुक्राणू यांचं चिकटणं कमी पडतं. दोन, जो शुक्राणू बाटलीतच जागा झाला तो साठ्यात थांबणार नाही.

वेळ कशी काढायची

अंडी सुटतात माजाच्या साधारण दोन-तृतीयांश वेळ उलटल्यावर. माज ६० तासांचा असेल तर सुमारे ४० तासांनी, ४० तासांचा असेल तर २७-२८ तासांनी. सुटलेलं अंडं ताजं असतं ते आठेक तास. साठा भरवशाचा असतो तो साधारण २४ तास. थोडेफार शुक्राणू त्यापुढेही जगतात, पण त्यांच्या जिवावर मोठी वीण येत नाही. म्हणून एक तरी चांगली मात्रा अंडी सुटण्याच्या आधीच्या २४ तासांत पडलीच पाहिजे.

अडचण अशी की माज सुरू कधी झाला ते कोणालाच नेमकं माहीत नसतं. माहीत असते ती तपासणीची वेळ. समजा रविवारी संध्याकाळी ७ ला मादी उभी राहिली नाही आणि सोमवारी सकाळी ७ ला पाठीवर दाब देताच कान ताठ करून खिळल्यासारखी उभी राहिली. माज या बारा तासांत कधीही सुरू झालेला असू शकतो. ६० तासांचा माज धरला तर अंडी मंगळवारी सकाळी ११ ते रात्री ११ या दरम्यान सुटतील. आता मात्रा तपासून बघा. सोमवारी सकाळची मात्रा २८ ते ४० तास आधी पडते, म्हणजे साठा रिकामा होत आलेला. मंगळवारी सकाळी ७ ची मात्रा ४ ते १६ तास आधी, म्हणजे नेमकी. बुधवारी सकाळची मात्रा अंडी सुटल्यावर ८ ते २० तासांनी, म्हणजे अंडी शिळी झाल्यावर. सोमवारी संध्याकाळ आणि मंगळवारी सकाळ, किंवा मंगळवारी सकाळ आणि संध्याकाळ, अशी जोडी या मादीला बसते.

हेच गणित गिल्टला, म्हणजे अजून न व्यालेल्या मादीला, लावा. तिचा माज ४० तासांचा धरला तर अंडी सोमवारी रात्री ११ ते मंगळवारी सकाळी ११ मध्ये सुटतात. तिच्यासाठी सोमवारी सकाळ आणि सोमवारी संध्याकाळ योग्य. मंगळवार सकाळपर्यंत थांबलात तर उशीर होण्याची शक्यता मोठी.

पिल्लं तोडल्यावर मादी किती दिवसांत माजावर येते त्यावरून माज किती लांबेल याचा अंदाज येतो. लवकर येणाऱ्या मादीचा माज लांब चालतो, उशिरा येणाऱ्या मादीचा आखूड असतो. दिवसातून दोनदा तपासणी असेल तर ढोबळ नियम असा: चार दिवसांत किंवा आधी माजावर आली तर उभी राहिल्यापासून २४ तासांनी पहिली मात्रा. पाच-सहा दिवसांत आली तर १२ तासांनी. सात दिवस किंवा जास्त लागले तर लगेच. गिल्टलाही लगेच, आणि १२ तासांनी दुसरी. बाकी माद्यांना मादी घट्ट उभी राहते तोवर २४ तासांनी दुसरी. दोन मात्रांमध्ये बारा तासांपेक्षा कमी अंतर ठेवण्यात अर्थ नाही, पहिल्या मात्रेने बोलावलेल्या न्यूट्रोफिल पेशी दुसऱ्या मात्रेची वाट बघत बसलेल्या असतात.

दिवसातून एकदाच तपासणी होत असेल तर वरचा नियम ढिला पडतो, कारण अनिश्चितता २४ तासांची होते. तेव्हा वाट न बघता पहिली मात्रा लगेच द्यावी आणि दुसरी २४ तासांनी. पण खरं सांगायचं तर दुसऱ्या तपासणीला लागणारा वेळ तिसऱ्या मात्रेच्या खर्चापेक्षा स्वस्तच पडतो.

माज ओसरत चाललेल्या मादीला ‘आहे शिल्लक तर देऊन टाकू’ म्हणून दिलेली मात्रा सगळ्यात घातक. तोवर प्रोजेस्टेरॉन चढलेलं असतं, गर्भाशयाची साफसफाईची ताकद घटलेली असते आणि कॅथेटरबरोबर, म्हणजे रेत सोडायच्या नळीबरोबर, गेलेले जिवाणू तिथेच मुक्काम करतात. अशा मादीच्या योनीतून दोन-तीन आठवड्यांनी पूसारखा स्राव दिसतो आणि ती उलटते, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येते. मादी घट्ट उभी राहत नसेल तर बाटली परत पेटीत ठेवावी.

अल्ट्रासाउंडची सोय असेल तर काम आणखी नेमकं होतं. अंडी सुटण्याआधी अंडाशयातल्या पुटिका, म्हणजे अंडी वाढतात त्या द्रवाने भरलेल्या पिशव्या, ७-८ मिलिमीटरच्या किंवा मोठ्या दिसतात आणि सुटल्यावर एकाएकी दिसेनाशा होतात. सगळा कळप रोज तपासायची गरज नाही. आपल्या फार्मवर माज सुरू झाल्यापासून किती तासांनी अंडी सुटतात हे पंधरा-वीस माद्यांत पाहून घेतलं की वरचा नियम स्वतःच्या फार्मला बसवता येतो.

रेत तयार करताना

रेत घेताना पहिला पाण्यासारखा भाग सोडून द्यावा, त्यात लघवी आणि जिवाणू जास्त असतात. दाट दुधाळ भाग ३७ अंशांच्या आसपास गरम केलेल्या कपात, गाळणीतून घ्यावा. जेल आत पडू देऊ नये. लॅटेक्सचे हातमोजे शुक्राणूंना मारक ठरू शकतात, व्हिनाइलचे वापरावेत.

एक्स्टेंडर, म्हणजे रेत पातळ करून टिकवायचं द्रावण, आधीच तयार हवा. जुना आणि अजूनही चालणारा बीटीएस (बेल्ट्सव्हिल थॉइंग सोल्यूशन) घ्या: एक लिटर शुद्ध पाण्यात ग्लुकोज ३७ ग्रॅम, सोडियम सायट्रेट ६ ग्रॅम, सोडियम बायकार्बोनेट १.२५ ग्रॅम, ईडीटीए १.२५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.७५ ग्रॅम, वर पशुवैद्यकाने सांगितलेलं प्रतिजैविक. पावडर विरघळली की लगेच वापरू नये, सामू स्थिर व्हायला तासभर जाऊ द्यावा. पाणी हा लोक सहसा विसरतात तो घटक. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राची गाळणी वेळेत बदलली नाही की मात्रा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गुठळ्या धरते आणि दोष नराला मिळतो.

एक्स्टेंडर आणि रेत यांच्या तापमानात एका अंशापेक्षा जास्त फरक नको. एक्स्टेंडर रेतात ओतावा, सावकाश, कडेकडेने, आणि रेत घेतल्यापासून पंधरा मिनिटांत.

हिशेबाचं एक उदाहरण. दाट भाग १०० मिली, मोजणी प्रति मिली ५० कोटी, म्हणजे एकूण ५० अब्ज. हालचाल करणारे ८० टक्के, म्हणजे कामाचे ४० अब्ज. मात्रेत २.५ अब्ज धरले तर १६ मात्रा. प्रत्येकी ८० मिली म्हणजे एकूण १,२८० मिली, त्यातलं रेत १०० मिली, म्हणून एक्स्टेंडर १,१८० मिली. दोन मात्रा कमी काढल्याने कोणाचं नुकसान झाल्याचं ऐकिवात नाही, दोन जास्त काढल्याने होतं.

ताजं रेत सत्तर टक्क्यांहून कमी हालचाल दाखवत असेल, किंवा थेंब अडकलेले शुक्राणू पंधरा-वीस टक्क्यांवर गेले असतील तर ते वापरू नये. थेंब वाढण्याचं नेहमीचं कारण म्हणजे नराकडून फार वेळा रेत घेणं. पाच ते सात दिवसांचं अंतर ठेवलं की बहुधा सुधारतं. उष्णतेचा फटका मात्र उशिरा कळतो. नर आज तापला तर रेत दोन ते सहा आठवड्यांनी बिघडतं आणि तोवर लोक उन्हाळा विसरलेले असतात.

साठवण: १७ अंश आणि ढवळाढवळ नको

भरलेल्या बाटल्या खोलीच्या तापमानाला तास-दोन तास सावकाश गार होऊ द्याव्यात, मग १७ अंशांच्या पेटीत. १५ च्या खाली डुकराच्या शुक्राणूचं आवरण थंडीने तडकतं, कारण त्यात कोलेस्टेरॉल कमी असतं. असा शुक्राणू पुढे साठ्यात चिकटत नाही. १९-२० च्या वर चयापचय आणि जिवाणू दोन्ही वाढतात. पेटीवरच्या पडद्यावरचा आकडा पुरेसा नाही, आत किमान-कमाल दाखवणारा थर्मामीटर ठेवावा. बाटल्या आडव्या ठेवाव्यात आणि दिवसातून एक-दोनदा हळूच पालथ्या कराव्यात, हलवू नयेत. बीटीएसमधली मात्रा दोन-तीन दिवसांत संपवावी, दीर्घकाळ टिकणाऱ्या एक्स्टेंडरमधली पाच-सात दिवस चालते.

एक गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी. बीटीएसमध्ये बायकार्बोनेट आहे, आणि बायकार्बोनेट शुक्राणूला जागं करतं, हे वर आलंच. मग बाटलीत ते जागे का होत नाहीत? १७ अंशांमुळे. हीच बाटली अंगाच्या तापमानाला नेऊन तशीच ठेवली तर बायकार्बोनेट आपलं काम सुरू करतं. त्यामुळे ‘थंड आहे, गरम करून देऊ’ म्हणून सकाळी सगळ्या बाटल्या गरम पाण्यात घालून दुपारपर्यंत वापरणं म्हणजे साठ्यात थांबण्याची त्यांची क्षमता खर्ची घालणं. मात्रा १७ अंशांवरूनच दिली तरी चालते, मादीच्या शरीरात ती काही मिनिटांत गरम होते. गोठ्यात नेताना थर्मोकोलच्या पेटीत न्यावी. उन्हात, खिशात, किंवा नळीला लावून पुढच्या मादीच्या पाठीवर ठेवू नये. गरम केलेली बाटली पुन्हा थंड करून ठेवणं तर मुळीच नको.

प्रत्यक्ष रेतन

नर मादीच्या अगदी तोंडासमोर हवा, पण रेतनाच्या वेळेसच. तासभर आधीपासून समोर उभा असेल तर मादी उभी राहून राहून थकते आणि ऐन वेळी प्रतिसाद देत नाही. एका वेळी नरासमोर चार-पाच माद्याच असाव्यात.

योनीचा बाहेरचा भाग कोरड्या कागदी टिश्यूने पुसावा. जंतुनाशक किंवा पाणी वापरू नये, दोन्ही शुक्राणूंना मारतात. ओठ उघडून कॅथेटरचं टोक आतल्या बाजूला कुठेही न टेकवता वरच्या दिशेने, साधारण ३० ते ४५ अंशांच्या कोनात सरकवावं. खाली सरकवलं तर ते मूत्रमार्गात जातं. टोकाला थोडी वंगण जेली लावावी, शुक्राणूंना सुरक्षित म्हणून विकली जाणारीच. अंदाजे पंचवीस ते तीस सेंटिमीटर गेल्यावर अडथळा जाणवतो, ते गर्भाशयमुख. सर्पिल टोकाचा कॅथेटर डावीकडे फिरवत आत घट्ट बसवावा. फोमच्या टोकाचा असेल तर हलका दाब देऊन बसवावा. हळूच मागे ओढल्यावर जागचा हलला नाही तर बसला.

बाटली हळूच दोन-तीनदा पालथी करून जोडावी. सुरुवातीला एकदा हलकं दाबून प्रवाह सुरू करून द्यावा, मग हात काढावा. पुढे गर्भाशय स्वतः ओढून घेतं. थांबलंच तर बाटली थोडी खाली-वर करावी, कॅथेटर किंचित मागे घ्यावा, किंवा बाटलीच्या बुडाला सुईने छिद्र पाडावं, कारण आत निर्वात झालेला असतो. या वेळात मादीची पाठ दाबत राहावी, कुशीवरून आणि कासेच्या बाजूने हात फिरवावा. नराचा वास आणि हा स्पर्श यांनी ऑक्सिटोसिन हे संप्रेरक सुटतं आणि आकुंचनाच्या लाटा जोर धरतात. तीन ते पाच मिनिटं लागली पाहिजेत. मिनिटभरात दाबून संपवलेली मात्रा बहुतेक मागच्या पायांवर ओघळते.

संपल्यावर कॅथेटर तसाच पाच मिनिटं ठेवावा, त्याचं टोक वाकवून बंद करावं. मग सर्पिल असेल तर उजवीकडे फिरवत, खालच्या दिशेने काढावा. टोकावर रक्त दिसलं तर नोंद करावी. रक्त शुक्राणूंना घातक असतंच, शिवाय ते ओढाताणीची खूण असते.

नंतर थोडंसं पाणचट काही ओघळलं तर घाबरू नये. रेतन चालू असतानाच दुधाळ पांढरं अर्ध्याच्या आसपास बाहेर आलं तर कॅथेटर नीट बसवून दुसरी मात्रा द्यावी. पुढचे दोन तास मादीला हलवणं, लस टोचणं, नव्या माद्यांत सोडणं टाळावं. भीतीने आकुंचनांची लय बिघडते. रेतनानंतर दोन-तीन दिवसांत कळपात हलवायचं तर हलवावं, नाहीतर भ्रूण नीट रुजेपर्यंत, म्हणजे रेतनाला चार आठवडे होईपर्यंत, थांबावं.

गर्भाशयमुखापलीकडचं रेतन

यात बाहेरच्या कॅथेटरमधून एक बारीक नळी १५ ते २० सेंटिमीटर पुढे गर्भाशयात सरकवतात. गर्भाशयमुखाचा अडथळा आणि उलट्या प्रवाहाचा बराच भाग टळतो, त्यामुळे १.५ अब्ज शुक्राणू आणि ४० ते ५० मिली पुरतात. इथे एक नियम उलटा आहे: नळी सरकवताना नर समोर नको, कारण गर्भाशयमुख आवळलं जातं. बाहेरचा कॅथेटर बसवून एक-दोन मिनिटं थांबावं, मग नळी हळूहळू सरकवावी. अडली तर जोर लावू नये, पुन्हा थांबावं. गिल्टमध्ये ही पद्धत शक्यतो वापरू नये, मुख अरुंद असतं आणि इजा होते. मात्रा कमी असल्यामुळे वेळेची चूक इथे जास्त महाग पडते. साठा आधीच काठोकाठ नसतो.

बिघाड कुठे आहे ते कसं ओळखायचं

उलटण्याचा दिवस बरंच सांगतो. १८ ते २४ दिवसांनी उलटली तर बहुधा फलनच झालं नाही, किंवा चारपेक्षा कमी भ्रूण टिकले. त्याहून कमी भ्रूण असले की मादीच्या शरीराला गाभणपणाची खूणच पटत नाही. इथे वेळ, मात्रा, माजाची तपासणी बघावी. २५ ते ३७ दिवसांनी उलटली तर गर्भ राहिला होता आणि गेला. तिथे रेताला दोष देऊन उपयोग नाही. ताण, उष्णता, संसर्ग, बुरशीचं खाद्य तपासावं.

गाभण राहण्याचं प्रमाण चांगलं पण वीण लहान, हे चित्र मात्र साठ्याकडे बोट दाखवतं. शुक्राणू होते, पण सगळ्या अंड्यांना पुरले नाहीत. बहुधा मात्रा फार लवकर पडत असतात. नोंदवहीत रेतन करणाऱ्याचं नाव, तास, बॅच आणि नर लिहिलेला असला की उत्तर सापडायला वेळ लागत नाही. एकाच बॅचच्या माद्या उलटत असतील तर रेत, एकाच माणसाच्या हातच्या उलटत असतील तर हात.

प्रत्येक बॅचची एक बाटली शेवटच्या वापरापर्यंत राखून ठेवावी. नुसती हालचाल बघून समाधान मानू नये. नमुना ३८ अंशांवर ठेवून अर्ध्या तासाने आणि पुन्हा पाच तासांनी बघावा. पहिल्या वेळी छान पळणारे आणि पाच तासांनी बसलेले शुक्राणू मादीच्या शरीरातही कमी टिकण्याची शक्यता असते. या चाचणीत नापास होणाऱ्या नराच्या मात्रा पहिल्याच दिवशी वापराव्यात.

गोठवलेलं रेत वापरायचं असेल तर वरचं वेळापत्रक बाजूला ठेवावं. गोठवून वितळवलेल्या शुक्राणूंचं आवरण आधीच जागं झाल्यासारखं असतं. ते साठ्यात कमी चिकटतात आणि मादीच्या शरीरात काही तासच टिकतात. दर चार ते आठ तासांनी अल्ट्रासाउंड करून, अंडी सुटण्याच्या आधीच्या चार-सहा तासांत, शक्यतो खोल गर्भाशयात मात्रा द्यावी लागते. ही सोय नसेल तर १७ अंशांच्या बाटलीवरच राहावं.